कॉमनमध्ये काय ठेवायचं

माझा नवरा आणि मी एकाच ऑफिसात कामाला होतो. लग्नाच्या आधीपासून. महाकालच्या या शहरात, फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या थोडं पुढे, कापडाच्या एका दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही व्यापारी लोकांसाठी प्रोग्राम लिहितो. दाल मिलचा माल, नर्सिंग होमचं बिल, यात्री निवासाच्या खोल्या, शाळेची फी. गिऱ्हाईक येतं, आपलं काम कसं चालतं ते सांगतं, आणि आम्ही त्याप्रमाणे प्रोग्राम करून त्याच्या कॉम्प्युटरवर बसवून देतो. पुढे कुठे अडलं की ते फोन लावतं आणि आमच्यापैकी कोणीतरी स्कूटर काढून जातं.

या सगळ्या प्रोग्रामांना काही गोष्टी सारख्याच लागतात. तारीख खरी आहे की नाही ते तपासणं, पावती छापणं, रक्कम अक्षरांत लिहिणं. ही कामं दरवेळी नव्यानं लिहीत बसायची नसतात. ती एकदा नीट लिहून एका जागी ठेवायची आणि ज्या प्रोग्रामला जे लागेल ते त्यानं तिथून मागून घ्यायचं. प्रोग्रामर लोक अशा जागेला लायब्ररी म्हणतात. आमच्याकडे त्या फोल्डरचं नाव होतं कॉमन. ते माझ्या नवऱ्यानं उभं केलेलं होतं.

आमचं भांडण कॉमनवरूनच व्हायचं. घरी आम्ही फारसे भांडत नसू. पैसे, नातेवाईक, स्वयंपाक, यातलं काही आमच्यात पेटत नसे. पण एखादं फंक्शन कुठे ठेवायचं यावरून आमचं अगदी जेवणाच्या ताटावर वाजायचं. त्याला वाटायचं की जे जे लिहिलं ते कॉमनमध्ये टाकावं.

"उद्या कोणाला तरी लागेलच," तो म्हणायचा. "मग तेव्हा पुन्हा कोण लिहीत बसणार?"

"लागेल तेव्हा बघू. डाळीतल्या ओलाव्याची टक्केवारी शाळेच्या फीला कशाला लागेल? ते दाल मिलचं आहे, दाल मिलच्या फोल्डरमध्येच राहू दे."

"जागा काय खातंय ते?"

"जागा खात नाही. पण उद्या दाल मिलसाठी तू त्यात काही बदललंस आणि नर्सिंग होमचं बिल बंद पडलं तर?"

"नाही पडत. मला माहीत असतं नं कुठे काय आहे ते."

हे मात्र खरं होतं. त्याला माहीत असायचं. सासूबाई आमच्या मध्ये बसून भाकरी मोडत असायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "अरे, तुमचं हे कॉमन म्हणजे आहे तरी काय? मला वाटतं कोणाची तरी जमीन असावी." आम्ही दोघं हसलो आणि त्या दिवशीचं भांडण तिथेच थांबलं.

घरात आम्ही तिघंच होतो. सासूबाई सरकारी हिंदी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांना आई म्हणते.

होळी होऊन गेली होती. तो देवासला एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. दुपारी परत येताना नानाखेड्याच्या बस स्टँडवर उतरला आणि तिथल्या बाकावर बसला. त्याला झोप लागली आहे असं आजूबाजूच्या लोकांना वाटलं. एका फळवाल्याला काहीतरी वेगळं वाटलं म्हणून त्यानं हलवून पाहिलं. मग त्या फळवाल्यानं नवऱ्याच्याच फोनवरून मला फोन केला. मी ऑफिसात होते. स्क्रीनवर नवऱ्याचं नाव होतं आणि आवाज दुसऱ्याचा होता. "दीदी, आप इनकी कौन लगती हैं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "आप आ जाइए." हार्ट अटॅक होता. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

पुढच्या दिवसांचं मला आठवतं ते असं की माणसं खूप होती आणि चहा सतत होत होता. पुण्याहून नणंद आली, ग्वाल्हेरहून माझे आईवडील आले. दहावा नदीकाठी, सिद्धवटाला झाला. आई रडत होत्या, नणंद रडत होती, माझी आई मला धरून रडत होती. मला रडू येत नव्हतं. मी येईल म्हणून वाट पाहत होते. कोणी काही विचारलं तर उत्तर देत होते, ताट पुढे आलं तर जेवत होते. दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. हात लावला तर कळायचं की कोणीतरी हात लावला आहे, बस.

तेरावा झाला, माणसं गेली. मी सोमवारी ऑफिसला गेले. आईंनीच म्हटलं, "घरी बसून काय करशील? जा."

आमच्या ऑफिसचे मालक मराठीच आहेत, त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. आम्ही त्यांना सर म्हणतो. मला त्यांनी कॉलेजमधून नुकती आले होते तेव्हा कामावर घेतलं, त्यामुळे ते मला अरेतुरेच करतात. पहिले काही दिवस त्यांनी मला कामच दिलं नाही. नुसते येऊन विचारायचे, "चहा मागवू का?" मग एक दिवस ते माझ्या शेजारच्या खुर्चीपर्यंत आले, ती नवऱ्याची खुर्ची होती, आणि न बसताच उभ्यानं बोलू लागले.

"एक गोष्ट बोलायची होती. तुला आत्ता नको असेल तर नंतर बोलू."

"बोला नं सर."

"ते कॉमन आहे नं. दाल मिलवाल्यांना एक छोटासा बदल हवा आहे. मी उघडून बघितलं. मला त्यातलं काही समजेना. कोणती गोष्ट कोणाची आहे, कोण कुठून काय घेतो, काही पत्ता नाही. त्याच्या डोक्यात होतं सगळं. कोणीतरी ते नीट लावायला पाहिजे. जे खरोखर सगळ्यांचं आहे ते एकीकडे, आणि ज्याचं त्याचं ते ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये. बाहेरचा माणूस बोलावू शकतो मी. पण तुझ्याशिवाय ते…"

"मी करते," मी म्हटलं.

"फुरसतीनं कर. घाई नाही."

इतकी वर्षं मी जे म्हणत होते तेच काम मला मिळालं होतं. हे मला त्या वेळी कळलं, पण नुसतं कळलं. त्यात ना आनंद होता ना टोचणी.

मी कामाला लागले. एकेक फंक्शन उघडायचं. ते काय करतं ते वाचायचं. मग सगळ्या प्रोग्रामांत त्याचं नाव शोधायचं. एकाच प्रोग्राममध्ये सापडलं तर ते त्या प्रोग्रामचं, उचलून त्याच्या फोल्डरमध्ये न्यायचं. दोन-तीन ठिकाणी सापडलं तर बघायचं, की ते खरोखर सगळ्यांसाठी एकच काम करतं, की आत अमुक असेल तर असं कर आणि तमुक असेल तर तसं कर असा पसारा आहे. पसारा असेल तर ते सगळ्यांचं नव्हेच. ते तोडून ज्याचा त्याचा तुकडा ज्याला त्याला द्यायचा. आणि कुठेच सापडलं नाही तर काढून टाकायचं. स्वतःसाठी मी एकच नियम ठेवला होता, की हलवताना बदलायचं काही नाही. समजलं नाही तरी ओळ जशी आहे तशी उचलायची.

या कामात मन घालावं लागत नाही, आणि मला तेच बरं वाटत होतं. सकाळी बसले की दुपार व्हायची. ऑफिसातले बाकीचे लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. मी उत्तर द्यायचे आणि पुन्हा स्क्रीनकडे वळायचे.

त्याचं लिहिणं मला ओळखीचं होतं. कुठे घाईत लिहिलंय, कुठे मन लावून लिहिलंय, हे ओळींच्या मांडणीवरून कळायचं. लोकांना वाटत होतं की मला त्यात त्याचं काहीतरी मिळेल. नणंदेनं फोनवर विचारलंसुद्धा, "वहिनी, दादानं काही लिहून ठेवलंय का गं त्यात?" तसं काही नव्हतं. प्रोग्राममध्ये कोणी मनातलं लिहीत नाही. तारखा होत्या, टक्केवाऱ्या होत्या, पावतीच्या समासाची मापं होती. मी ती रोज वाचत होते.

आईंनीही एकदा विचारलं, पण जरा वेगळं. संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन बसले होते. त्या म्हणाल्या, "त्याचं लिहिलेलं दिसतं का तुला तिथे?"

"रोजच दिसतं, आई."

"मला दाखव."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरांकडे त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. मग मी रक्कम अक्षरांत लिहिणारं फंक्शन उघडलं, कारण त्यात देवनागरी होतं. बिलाखाली हिंदीत रक्कम छापायला एकपासून शंभरपर्यंतचे शब्द लागतात, आणि आम्हा मराठी घरातल्या पोरांना हिंदी आकडे अर्धेमुर्धेच येतात. उन्यासी कोणता आणि नवासी कोणता यात त्याचा कायम गोंधळ व्हायचा. तेव्हा एका थंडीत आईंनी मटार सोलता सोलता त्याला सगळे आकडे सांगितले होते आणि तो समोर बसून टाइप करत गेला होता.

आई बोट न टेकवता, नुसतं हवेत फिरवत, एकेक शब्द वाचत खाली गेल्या. मध्येच थांबल्या.

"छियासठ पाहिजे. त्यानं छासठ लिहिलंय."

"बदलू का?"

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "बदल. लोकांच्या पावतीवर चुकीचं कशाला छापायचं."

मी बदललं. त्या आत जाऊन देवापाशी दिवा लावू लागल्या. ते फंक्शन सगळेच प्रोग्राम वापरत होते, आत कुठलाही पसारा नव्हता. मी ते कॉमनमध्येच ठेवलं.

दुसरी एक गोष्ट त्याच सुमाराला झाली. नवऱ्यानं लिहिलेल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाची सुरुवात त्याच्या आद्याक्षरांनी व्हायची. जुन्या काळचे प्रोग्रामर असं करत, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या नावाशी गल्लत होत नाही. जी फंक्शनं मी ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये नेली त्यांना त्या त्या कामाचं नाव दिलं. कॉमनमध्ये जी उरली त्यांचं काय करायचं ते मी सरांना विचारलं.

"राहू दे नं ते," सर म्हणाले. "काय बिघडतं?"

"नवीन माणूस येईल त्याला कळणार नाही ही अक्षरं कशाची."

"तू सांगशील त्याला."

"सर, नाव वाचून काम कळलं पाहिजे. सांगायला लागलं तर लावून काय उपयोग?"

सर म्हणाले, "तुला जसं योग्य वाटेल तसं."

मी सगळीकडे एकदम बदलायची आज्ञा दिली. मशीन जरा अडकल्यासारखं झालं आणि मग पुढे गेलं. मला वाटलं होतं की त्या क्षणी मला काहीतरी होईल. मी थोडी थांबलेसुद्धा. काही झालं नाही. मी खाली जाऊन पोहे खाल्ले आणि वर येऊन पुढचं फोल्डर उघडलं.

सावन लागला. इथल्या हिंदी लोकांचा सावन आधी लागतो, आमचा श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी. त्या दिवशी सोमवार होता, महाकालच्या सवारीचा, म्हणजे पालखी निघण्याचा. शहरात बाहेरगावची माणसं मावत नव्हती. सकाळीच ऑफिसात ट्रस्टच्या यात्री निवासाच्या मॅनेजरांचा फोन आला. मीच उचलला.

"मैडम, बिल नहीं बन रहा. कल तक ठीक था. लोग सामान लेके खड़े हैं, सबकी गाड़ी है."

आदल्या रात्री मी त्यांचा प्रोग्राम नव्यानं बसवून दिला होता, घरूनच त्यांच्या मशीनला जोडून घेऊन. मी म्हटलं, "आती हूँ. तब तक हाथ से रसीद बना दीजिए."

पूल उतरून देवास गेटच्या बाजूनं गेले. पुढे रस्ते अडवायला सुरुवात झाली होती, स्कूटर एका गल्लीत लावून चालत गेले. यात्री निवासाच्या काउंटरसमोर खरंच रांग होती. पिशव्या, लहान मुलं, कपाळावर गंध लावलेल्या म्हाताऱ्या बायका. मॅनेजर पन्नाशीचे गृहस्थ, मोठ्या अक्षरांत हातानं पावत्या लिहीत होते आणि हिशेब चुकत असल्यामुळे पुन्हा पुन्हा खोडत होते. मला पाहून त्यांनी खुर्ची सोडली आणि दाराकडे बघितलं.

"भैया नहीं आए?"

त्यांचा प्रोग्राम कित्येक महिन्यांत अडला नव्हता, त्यामुळे त्यांचं आमच्याशी बोलणंच झालं नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं.

"नहीं," मी म्हटलं.

मी बसले. स्क्रीनवर लिहिलं होतं की मुक्कामाचे दिवस मोजणारं फंक्शन सापडत नाही. मला लगेच समजलं कोणतं ते. त्याचं नाव वाचून ते नर्सिंग होमचं वाटत होतं, पेशंट किती दिवस भरती होता ते मोजणारं. मी सगळीकडे शोधलं होतं, नर्सिंग होमशिवाय कुठे सापडलं नव्हतं, म्हणून तिकडे नेलं होतं. पण यात्री निवासाचा प्रोग्रामही तेच वापरत होता. फक्त नवऱ्यानं तिथे ते नाव सलग लिहिलं नव्हतं. नावाचे दोन तुकडे वेगवेगळे ठेवून प्रोग्राम चालू असताना ते जोडले जातील अशी हिकमत केली होती. शोधून ते सापडणारच नव्हतं. त्याच्या डोक्यात मात्र होतं.

"उनको फोन लगा लो नं मैडम," मॅनेजर माझ्या मागून म्हणाले. अगदी साधेपणानं, मदत म्हणून. "दो मिनट में बता देंगे. भैया को सब पता रहता है."

"वो नहीं हैं अभी."

"बाहर गए हैं?"

रांगेतला एक माणूस घड्याळ दाखवत होता. माझी बोटं कीबोर्डवर होती.

"हाँ," मी म्हटलं.

मी ऑफिसच्या मशीनला जोडून घेतलं, ते फंक्शन उघडलं. आत तेच होतं ज्यावरून आम्ही भांडायचो. नर्सिंग होम असेल तर असे मोजा, यात्री निवास असेल तर तसे मोजा. दोन कामं एका छपराखाली. मी यात्री निवासाचा तुकडा कापून घेतला आणि त्यांच्या फोल्डरमध्ये त्यांचं स्वतःचं दिवस मोजणारं फंक्शन केलं. ओळी जशाच्या तशा ठेवल्या. एक बिल काढून पाहिलं, मग दुसरं. प्रिंटर चालू झाला आणि रांग पुढे सरकू लागली. मी उठून मॅनेजरांना खुर्ची दिली, पण अजून काही अडेल म्हणून तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. मी चूक शोधली होती, भांडणात माझंच खरं होतं, आणि त्यानं मला काही वाटत नव्हतं. पायांना रग लागली होती एवढंच कळत होतं.

निघताना मॅनेजरांनी लाडूच्या प्रसादाची दोन पाकिटं माझ्या हातात दिली.

"ये आपका, ये भैया का. उनसे बोलना, बहुत दिन हो गए, अब इधर आते ही नहीं."

मी दोन्ही पाकिटं पर्समध्ये ठेवली.

घरी आल्यावर आईंनी ती ओट्यावर पाहिली. "दोन कशी दिली?"

मी सांगितलं. सगळं, मॅनेजर काय म्हणाले आणि मी काय म्हणाले तेही. आई कणीक मळत होत्या, त्यांचे हात थांबले.

"बाहेरगावी गेलाय असं सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं."

मला वाटलं, त्या रागावतील किंवा रडतील. त्यांनी हात धुतले, पाट ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "तू जाऊन सांगून ये."

"फोनवर सांगते."

"फोनवर नको. समोर जाऊन सांग. नाहीतर ते दर वेळेला विचारतील, आणि दर वेळेला तू त्याला कुठेतरी पाठवत राहशील. आज काय देवास, उद्या काय इंदूर. मलाही एक बाई सब्जीवर भेटते, ती विचारते मुलगा कसा आहे. मीही तिला मजेत आहे सांगते. मला माहीत आहे ते काय असतं."

हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी एकाच घरात होतो, आणि आई रोज सब्जी आणायला जाऊन असं बोलून येत होत्या.

"मग तुम्ही पण सांगा," मी म्हटलं.

"हो. सांगीन."

त्यांनी एक पाकीट फोडलं, अर्धा लाडू मला दिला, अर्धा स्वतः घेतला. मग दुसरंही फोडलं आणि त्याचेही तसेच दोन भाग केले. मी खाल्ले. गोड लागले असणार. आईंनी पाणी दिलं ते प्याले.

मी लगेच गेले नाही. तो आठवडा गेला. गर्दी जरा ओसरल्यावर एका सकाळी, ऑफिसला जायच्या आधी, गेले. काउंटरवर कोणी नव्हतं. मॅनेजर देवाच्या फोटोला उदबत्ती लावत होते.

"आइए मैडम. आ गए भैया?"

"यही बताने आई हूँ," मी म्हटलं. "वो नहीं रहे. होली के बाद. उस दिन आपने पूछा था, मैं बोल नहीं पाई."

त्यांच्या हातात उदबत्ती तशीच राहिली. मग त्यांनी ती खोचली, वळले, आणि मला बसायला खुर्ची दिली. स्वतः उभेच राहिले. काय झालं, कसं झालं, ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. बोलताना माझा आवाज सरळ होता. नानाखेडा, बस स्टँड, बाक, सगळं मी पत्ता सांगावा तसं सांगितलं.

त्यांनी आतून चहा मागवला. मग म्हणाले, "यहाँ बैठे थे वो, इसी काउंटर पे. पूरा दिन. देख रहे थे कौन कब आता है. हमारे यहाँ पहले क्या था कि कोई भोर की गाड़ी से आया, दिन निकलने से पहले, तो उसका पिछला दिन भी लग जाता था. नियम ही ऐसा था. एक अम्मा लड़ पड़ी थीं हमसे. भैया ने देखा. बाद में प्रोग्राम में डाल दिया कि भोर में आने वाले का पिछला दिन नहीं लगेगा. हमने बोला नहीं था. ट्रस्ट वालों को बाद में समझाया, वो मान गए."

ती ओळ मी पाहिली होती. फंक्शन कापताना ती मध्येच आली होती, दिवस उगवायच्या आत आलेल्याचा आदला दिवस सोडून देणारी. ती तिथे का आहे ते मला कळलं नव्हतं. ती तशीच उचलून ठेवली होती, एवढंच.

"वो लाइन है अभी," मी म्हटलं. "हटाई नहीं है."

"हाँ, पिछला दिन लग नहीं रहा है किसी को," मॅनेजर म्हणाले. "चल रहा है बराबर."

चहा आला. तेवढ्यात एक कुटुंब सामानासकट दारात उतरलं आणि ते त्यांच्याकडे वळले. आधार कार्डं काढा, किती जण, किती दिवस. मी तिथेच बसून राहिले. तो या खुर्चीवर दिवसभर बसला होता असं मला वाटलं, किंवा कदाचित दुसरी खुर्ची असेल, तेव्हाची. मी चहाचा घोट घेतला तर तो खाली उतरेना. मग उतरला. एवढंच झालं त्या दिवशी, पण इतक्या महिन्यांत तेवढंही झालं नव्हतं. पुढच्या खेपेला कोणाला फोन लावायचा ते मॅनेजरांनी निघताना विचारलं. मी माझा नंबर लिहून दिला.

त्यानंतर मी बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही गेले. काहींना कळलेलं होतं, काहींना नव्हतं. दाल मिलच्या शेठनी मुलाला पाठवून मला स्कूटरपर्यंत पोचवलं. आई सब्जीवर भेटणाऱ्या त्या बाईशी बोलल्या की नाही ते मी विचारलं नाही. एकदा त्या बाजारातून उशिरा आल्या आणि पिशवी ठेवून न बोलता पलंगावर पडल्या, त्या दिवशी बोलल्या असतील असं मला वाटतं. संध्याकाळचा स्वयंपाक मी केला.

दोन तुकड्यांत नाव ठेवायची ती हिकमत आणखी काही ठिकाणी निघाली. आता काय शोधायचं ते माहीत असल्यामुळे मी ती आधीच गाठली आणि नावं सरळ सलग लिहून टाकली. दिवाळीच्या आसपास काम संपलं. कॉमन फोल्डर आता लहान आहे. तारखा, पावती, आकडे, पासवर्ड, आणखी थोडंसं. बाकी सगळं ज्याचं त्याच्याकडे. सरांनी येऊन पाहिलं, इकडेतिकडे उघडलं, आणि म्हणाले, "आता मलाही समजतंय." मग ते त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि मी पुढचं काम मागायला त्यांच्यामागोमाग गेले.

थंडीत एक नवीन मुलगी कामावर आली, लग्न होऊन इंदूरहून इकडे आलेली. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की तिला कुठे बसवू. रिकामी खुर्ची एकच होती. मी म्हटलं, तिथेच बसवा, नाहीतर ती माझ्याकडे येणार कशी विचारायला. ती हिंदीच बोलते, भराभर काम करते, आणि टाइप करताना स्वतःशीच पुटपुटते. पहिल्या आठवड्यात मला त्याचा त्रास व्हायचा. आता सवय झाली आहे. सध्या आम्ही दोघी मिळून एका लोणच्याच्या कारखान्याचं काम करतो आहोत. त्यांचा माल किती दिवस मुरतो आणि कोणत्या बरणीत आहे ते त्यांना कॉम्प्युटरवर हवं आहे. उद्या सकाळी आम्ही तो कारखाना बघायला जाणार आहोत. तिनं मला सांगून ठेवलंय, मैडम, पुराने कपड़े पहन के आना, वहाँ तेल बहुत उड़ता है.